चोवीस शब्द आणि घरची माणसं

हार्डवेअर वॉलेटमध्ये बिटकॉइन नसतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. पेन ड्राइव्हएवढं ते यंत्र हातात घेऊन माणूस विचारतो, मग एवढे पैसे मोजून यात घेतलंस तरी काय? माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. तिला उत्तर देता देता माझी स्वतःची समज जेवढी पक्की झाली, तेवढी कुठल्याच माहितीपत्रकाने झाली नव्हती.

बिटकॉइन म्हणजे एका सार्वजनिक खतावणीतली नोंद. ही खतावणी जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी जपली जाते आणि ती कोणीही वाचू शकतं. अमुक पत्त्यावर अमुक इतकं जमा आहे, एवढंच तिच्यात असतं. पत्त्यामागच्या माणसाचं नाव नसतं. जमा रक्कम दुसरीकडे हलवायची तर त्या पत्त्याच्या प्रायव्हेट कीने सही करावी लागते, आणि ही की म्हणजे २५६ बिटांचा एक आकडा, आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिला तर ७७-७८ अंकी भरेल इतका मोठा. ज्याच्याकडे तो आकडा, त्याची सही चालते. आधार, पॅन, जन्मतारीख, यातलं काहीही ही खतावणी विचारत नाही.

हार्डवेअर वॉलेट तो आकडा आतल्या आत तयार करतं आणि बाहेर पडू देत नाही. व्यवहार लॅपटॉपवर किंवा फोनवर मांडायचा, तो यंत्राकडे जातो, यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर रक्कम आणि पत्ता उमटतो, आपण तो वाचून बटण दाबतो. सही आतच होते आणि केबलमधून बाहेर येते ती फक्त सही. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलेला असला तरी त्याला की सापडत नाही. प्रागच्या सातोशीलॅब्स या कंपनीने २०१४ मध्ये ट्रेझर नावाचं असं पहिलं यंत्र लोकांच्या हातात दिलं. ते बनवणाऱ्यांपैकी मारेक पालातिनुस यांना चोरीची झळ आधीच बसली होती. त्यांचा मायनिंग पूल, म्हणजे अनेकांनी संगणकांची ताकद एकत्र करून नवे बिटकॉइन मिळवायचा गट, ज्या भाड्याच्या सर्व्हरवर चालायचा, तिथून २०१२ मध्ये तीन हजारांहून जास्त बिटकॉइन गेले होते. इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर की ठेवणं किती धोक्याचं आहे, हे त्यांना कोणी वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

आईला हे सगळं एवढ्या तपशिलात सांगितलं नाही. मी म्हटलं, "यात सही करायची ताकद आहे."

"आणि हे हरवलं तर?"

"दुसरं आणायचं. आपण जे चोवीस शब्द कागदावर लिहून ठेवलेत, ते त्यात घालायचे. सगळं परत येतं."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पोराने गणित सोडवलं की पायऱ्या तपासायची सवय तिची अजून गेलेली नाही. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "म्हणजे खरी वस्तू तो कागद. हा डबा नाही."

ज्या विषयावर लोक यंत्रांच्या मॉडेलची तुलना करत तासन्‌तास वाद घालतात, त्याचं मर्म तिने एका वाक्यात सांगितलं. मला आज जे लिहायचं आहे तेही एवढंच, फक्त त्या वाक्याच्या पोटात किती गोष्टी दडल्या आहेत हे उलगडायला थोडी जागा लागेल.

आधी एक स्पष्ट करतो. कोणी क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी चलन, घ्यावं असं मी सांगत नाही. माझ्या बचतीचा अगदी छोटा भाग त्यात आहे, पूर्ण गेला तरी घर चालायचं थांबणार नाही एवढाच. पण जे आहे ते नीट सांभाळावं असं वाटायला लावणारा एक दिवस आला. तो होता १८ जुलै २०२४.

त्या दिवशी वझीरएक्स या मुंबईत उभ्या राहिलेल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे एकोणीसशे कोटी रुपयांहून जास्त किमतीची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेतला हा जवळजवळ निम्मा भाग होता. माझी नाणी तिथे नव्हती, पण ऑफिसमधल्या कितीतरी जणांची होती. अ‍ॅपमध्ये आकडा दिसतोय आणि तो हलवता येत नाही, अशा अवस्थेत त्यांनी वर्षाहून जास्त काळ काढला. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं, कारण मूळ कंपनी तिथली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं सांगितलं. डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या माणसाच्या पगारातली शिल्लक प्योंगयांगच्या हाती जाऊ शकते, हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

पण या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बातम्यांमध्ये ओझरती आली आणि गेली. ते वॉलेट एका माणसाच्या भरवशावर नव्हतं. अनेक जणांच्या सह्या झाल्याशिवाय त्यातून काही हलत नसे, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती. तरीही चोरी झाली. कोणी की चोरली म्हणून नव्हे. पडद्यावर सही करणाऱ्यांना नेहमीसारखा साधा व्यवहार दिसला आणि प्रत्यक्षात त्यांनी ज्यावर सही केली ते वेगळंच काहीतरी होतं. त्या एका मंजुरीने वॉलेटचा ताबाच परक्याकडे गेला. दोष कोणाचा यावर कंपन्यांमध्ये वाद झाला, त्यात मी पडत नाही.

सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ ला, हेच दुबईच्या बायबिट एक्स्चेंजमध्ये घडलं आणि त्या वेळी आकडा होता सुमारे दीडशे कोटी डॉलर. चार लाखांहून जास्त इथर, म्हणजे इथरियम या जाळ्यावरचं चलन, एका झटक्यात. सह्या गोळा करण्यासाठी जे वेबपान वापरलं जायचं, त्याच्याच कोडमध्ये हॅकरांनी बदल केला होता. शेवटची सही कंपनीचे प्रमुख बेन झोऊ यांची होती. हार्डवेअर वॉलेट त्यांच्याही हातात होतं, पण त्याच्या छोट्या पडद्यावर व्यवहाराचा पूर्ण अर्थ कळेल असं काही नव्हतं.

या क्षेत्रात याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. न वाचता केलेली सही. इथरियमसारख्या जाळ्यावर व्यवहार म्हणजे कधी कधी एका छोट्या प्रोग्रॅमला दिलेला आदेश असतो, आणि जुन्या यंत्रांवर तो अक्षरांच्या अर्थहीन रांगेसारखा दिसतो. माणूस दोन ओळी बघतो, बाकी विश्वासाने सोडून देतो. मला वाटतं, हार्डवेअर वॉलेट विकताना जी गोष्ट सर्वांत मोठ्या अक्षरांत सांगायला हवी ती हीच आहे. यंत्र आपली की जपेल. आपण कशावर सही करतोय हे समजून घेणं त्याच्या हातात नाही. म्हणून माझा नियम सरळ आहे: यंत्राच्या पडद्यावर रक्कम आणि पत्ता स्पष्ट वाचता येत नसेल, तर बटण दाबायचं नाही, मग व्यवहार अडला तरी चालेल. पत्ता वाचायचा तो पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडायचा नाही, कारण नेमकी तीच अक्षरं जुळणारे खोटे पत्ते मुद्दाम तयार करून पाठवले जातात. पूर्ण वाचायचा. मोठी रक्कम हलवण्याआधी थोडीशी पाठवून बघायची. वेळ लागतो, लागू द्यावा.

आता कागदाकडे येतो.

यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते एकेक करून शब्द दाखवतं. हे इंग्रजी शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. २०१३ मध्ये ही पद्धत मांडली गेली आणि जवळजवळ सगळी वॉलेट तीच वापरतात. यादीतला पहिला शब्द 'अबँडन' आणि शेवटचा 'झू'. शब्द रोजच्या वापरातले, सोपे, आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येईल असे निवडलेले. प्रत्येक शब्द ११ बिटं सांभाळतो, चोवीस शब्दांची होतात २६४. त्यातली २५६ बिटं म्हणजे मूळ गुपित, ज्यातून वॉलेटच्या सगळ्या की बनतात, आणि उरलेली आठ पडताळणीसाठी. या पडताळणीमुळे एखादा शब्द चुकीचा उतरला तर बहुतेक वेळा यंत्र ते लगेच सांगतं. हस्ताक्षर, घाई, चष्मा विसरणं, या सगळ्याचा विचार करून कोणीतरी हे बांधलं आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ही यादी जपानी, कोरियन, फ्रेंच, चेक अशा आणखी काही भाषांतही आहे. भारतीय भाषांपैकी एकीतही नाही, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे. आईने इंग्रजी शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले खरे, पण सगळ्यांची आई शिक्षिका नसते.

हे शब्द लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. फोटो काढायचा नाही, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचा नाही, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवायचा नाही. फोनमधला फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि मग यंत्र घेण्याला काहीच अर्थ उरत नाही. शब्द छापून आलेल्या कार्डासकट यंत्र मिळालं तर ते वापरायचंच नाही, ते कोणीतरी आधीच ठरवलेले शब्द आहेत. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये एका नकली ट्रेझरचा अभ्यास करून सांगितलं होतं की वरून हुबेहूब दिसणारं ते यंत्र खरे नवे शब्द बनवतच नव्हतं. चोराकडे असलेल्या थोड्या संचांतून एक उचलून ते मालकाला दाखवत होतं. त्या गिऱ्हाइकाचे १.३३ बिटकॉइन गेले, आणि तेही यंत्र कशालाच जोडलेलं नसताना. म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा तिने नाव घेऊन नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. स्वस्तात मिळतंय म्हणून कुठलंही घेऊ नये.

शब्द लिहून झाल्यावर मी यंत्र पुसून टाकलं. त्यात तेव्हा अगदी थोडी रक्कम होती, मुद्दाम तेवढीच ठेवलेली. पिन तीन वेळा चुकीचा दाबला की माझं यंत्र स्वतःला कोरं करतं. तसं ते कोरं झालं. मग कागद समोर ठेवून आईने शब्द वाचले, मी घातले, आणि तीच रक्कम पुन्हा दिसली. कागद खरा आहे याची खात्री करायचा माझ्या मते हाच सर्वांत पक्का मार्ग आहे. ज्यांनी यंत्र घेतलं आहे आणि ही पायरी केलेली नाही, त्यांनी मोठी रक्कम हलवण्याआधी ती करावी, एवढी कळकळीची विनंती.

कागद भिजतो. सांगलीत मामांच्या घरात ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा कपाटातल्या खालच्या दोन खणांमधली कागदपत्रं लगद्यासारखी बाहेर काढावी लागली होती. ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे शब्द धातूवर हवेत यावर घरात वाद झाला नाही. आईने सुचवलं, "भांड्यांवर नाव घालून देतो ना तो, त्याच्याकडून घेऊ या. दहा मिनिटांचं काम." कल्पना उत्तम होती, फक्त नाव घालणाऱ्याने ते शब्द वाचले की गुपित संपलं. मग पुण्याच्या बोहरी आळीतून अक्षरं ठोकायच्या पंचांचा संच आणला, स्टीलच्या पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली. चार पुरतात. हे काम हळू होतं, हात दुखतो, शेजारच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या काय चाललंय म्हणून. पण त्या पट्ट्यांना आता पाण्याची भीती नाही आणि साध्या आगीचीही फारशी नाही.

शेजारच्या काकूंना खरं सांगितलं नाही. सांगायला नकोच.

हा मुद्दा थोडा गंभीर आहे. फ्रान्समधल्या लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीची ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली. दहा लाखांच्या आसपास ईमेल पत्ते आणि सुमारे २,७२,००० लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर त्या डिसेंबरात इंटरनेटवर उघड्यावर आले. यंत्रातल्या कीला धक्का लागला नव्हता. पण कोणाच्या घरी हार्डवेअर वॉलेट आहे याची यादी चोरांना आयती मिळाली. त्यानंतर लोकांना धमक्यांचे मेल आले, कंपनीच्या नावाने खोटी पत्रं आली, काहींच्या दारात तर चक्क सीलबंद नकली यंत्रं येऊन पडली, "तुमचं जुनं असुरक्षित आहे, शब्द यात घाला" अशा सूचनेसकट. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डेव्हिड बालाँ, यांना आणि त्यांच्या पत्नीला फ्रान्समध्ये घरातून पळवून नेलं गेलं आणि खंडणीसाठी त्यांचं बोट तोडलं गेलं. पोलिसांनी दोघांची सुटका केली. की किती बिटांची आहे याला तिथे काही किंमत राहिली नाही. आपल्याकडे किती आहे हे गप्पांमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोशल मीडियावर सांगणं म्हणजे घरच्यांना धोक्यात घालणं आहे असं मी मानतो, रक्कम लहान असली तरी.

पुण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर गेनबिटकॉइनचं प्रकरण. गुंतवणुकीवर दरमहा ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून हजारो लोकांना फसवणाऱ्या या योजनेच्या सूत्रधाराला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींची वॉलेट उघडायला, त्यांतले व्यवहार समजून घ्यायला तेव्हा सायबर तज्ज्ञांची मदत घेतली गेली. मार्च २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी त्यांतल्या दोन तज्ज्ञांना अटक केली. तपासासाठी हातात आलेल्या वॉलेटमधून क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून बदललेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. त्याच महिन्यात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाला याच प्रकरणातल्या एका आरोपीला सांगावं लागलं की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या. बँकेचं खातं गोठवायला एक पत्र पुरतं. इथे देशातल्या सर्वोच्च न्यायालयालाही माणसाच्या तोंडून उत्तर मिळवावं लागलं. मी हे प्रकरण वाचतो तेव्हा मला गुन्ह्यापेक्षा हे जास्त जाणवतं की कीच्या जवळ पोचलेला प्रत्येक माणूस त्या क्षणापुरता मालक होतो, त्याचा हुद्दा काहीही असो.

कराबद्दल थोडक्यात, कारण लोकांचा एक गैरसमज आहे. हार्डवेअर वॉलेट घेतलं म्हणजे सरकारपासून लपलो असं अजिबात नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. रिटर्नमध्ये वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्यात हलवणं ही विक्री नव्हे, पण त्याची नोंद ठेवावी. तारीख, रक्कम, दोन्ही पत्ते. खतावणी सार्वजनिक आहे आणि ती काही विसरत नाही. मी ही वही प्रामाणिकपणे ठेवतो, तीही पुढे घरच्यांना लागणारच आहे.

कारण खरा प्रश्न तोच आहे. माझ्यानंतर काय?

बाबा गेले तेव्हा त्यांची एक फाइल होती. एफडीच्या पावत्या, एलआयसीच्या पॉलिसी, पोस्टाची पुस्तकं, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि वारसाचं नाव. आई ती फाइल घेऊन बँकेत गेली, मृत्यूचा दाखला दाखवला, काउंटरवरच्या बाईंनी स्वतः उठून तिला फॉर्म भरायला मदत केली. थोड्या फेऱ्या झाल्या, पण सगळं मिळालं. त्या फाइलमधला एखादा कागद गहाळ असता तरी मिळालं असतं, कारण नोंद बँकेकडे होती आणि बँकेत माणसं होती. स्वतःच्या ताब्यातल्या बिटकॉइनला काउंटरच नाही. वारसाचा रकाना नाही, अर्ज कोणाकडे करायचा तो साहेब नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं, ते मोलाचंच. पण वारसा हक्क सिद्ध करणारा निकाल हातात असला आणि शब्द नसले, तर त्या निकालाने एक रुपयाही हलत नाही.

कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचे तरुण प्रमुख जेराल्ड कॉटन ९ डिसेंबर २०१८ ला जयपूरमध्ये, आपल्या भारतभेटीत, आजारपणाने गेले. सगळ्या ग्राहकांच्या क्रिप्टोच्या किल्ल्या एकट्या त्यांच्याकडे होत्या असं सांगितलं गेलं. ७६,००० हून जास्त ग्राहकांचं सुमारे २१.५ कोटी कॅनेडियन डॉलरचं देणं अडकलं. पुढे उघड झालं की ती वॉलेट त्यांच्या मृत्यूच्या कितीतरी आधीच रिकामी झाली होती, आणि ऑंटारियोच्या नियामकाने २०२० मध्ये हा सरळ घोटाळा असल्याचा निष्कर्ष काढला. मला त्यातला एक भाग विसरता येत नाही: काही महिने लोकांनी "किल्ली माणसाबरोबर गेली" ही गोष्ट खरी मानली, कारण ती घडू शकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती घडते, प्रामाणिक माणसांच्या घरीही.

म्हणून मी शब्द घरात सांगितले. यावर मित्रांचं आणि माझं एकमत नाही. त्यांचं म्हणणं, गुपित दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही. त्यांच्यापैकी काहींनी पासफ्रेज लावली आहे, म्हणजे चोवीस शब्दांवर आणखी एक स्वतःचा शब्द. तांत्रिकदृष्ट्या ते भक्कम आहे. क्रॅकन एक्स्चेंजच्या सुरक्षा विभागाने २०२० मध्ये दाखवून दिलं होतं की त्या वेळचं ट्रेझर हातात आलं तर साधारण पंधरा मिनिटांत त्यातून शब्द काढता येतात, आणि त्यावर पासफ्रेज हाच उपाय होता. पण पासफ्रेजचं एक भयंकर वैशिष्ट्य आहे. ती चुकली तर यंत्र 'चूक' म्हणत नाही, एक दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. दुःखात असलेल्या आईने एक अक्षर चुकवलं तर तिला शून्य दिसेल आणि ती म्हणेल, काहीच नव्हतं. मी पासफ्रेज लावली नाही. त्याऐवजी वेगळी सुरक्षा चिप असलेलं यंत्र घेतलं.

अदी शामीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक सुंदर पद्धतही आहे. गुपिताचे तीन भाग असे करायचे की कोणतेही दोन एकत्र आले तर ते पूर्ण उलगडतं आणि एकट्या भागावरून काहीच कळत नाही. काही यंत्रांत ती मिळते, गुरुग्राममधल्या सायफरॉक या भारतीय कंपनीने तर यंत्रच त्या कल्पनेवर बांधलं आहे. मोठी रक्कम असती तर मी तीच वापरली असती. शब्दांची घरगुती पद्धतीने बारा-बारा अशी वाटणी मात्र कोणी करू नये. एक अर्धा हरवला की दुसऱ्याचा उपयोग शून्य.

आमच्याकडे पट्ट्यांचे दोन पूर्ण संच आहेत. एक आई आणि माझ्या दोघांच्या नावावरच्या लॉकरमध्ये, एक नागपूरला ताईकडे. लॉकर म्हणजे हमी असं समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरतीच, आणि पूर-भूकंपासाठी तीही नाही. म्हणून दुसरा संच दुसऱ्या शहरात. मृत्युपत्रात शब्द लिहिलेले नाहीत, ते पुढे अनेकांच्या हातांतून जाणार. त्यात एवढंच आहे की अशी मालमत्ता आहे आणि तिच्यासाठी एक पत्र आहे.

ते पत्र मराठीत आहे. यंत्र कोणतं, अ‍ॅप कुठलं आणि ते कुठून उतरवायचं, पट्ट्या कशा वाचायच्या, यादी कुठे मिळते, विकायचं कसं, कर किती. गेल्या दिवाळीत ताई आली तेव्हा तिला एक कोरं यंत्र, सरावापुरत्या रकमेचे वेगळे शब्द आणि हे पत्र दिलं आणि मी बाहेर गेलो. ताई बँकेत नाही, संगणक क्षेत्रातही नाही, ती फिजिओथेरपिस्ट आहे. परत आलो तेव्हा रक्कम पडद्यावर होती आणि पत्राच्या समासात तिचे शेरे होते. सर्वांत वरचा असा: "पहिली ओळ वाढव. घाई करायची गरज नाही, नाणी कुठे जात नाहीत. हे मला आधी कळलं असतं तर हात थरथरला नसता."

तिचं बरोबर आहे. मुदत नाही, दंड नाही, खातं बंद पडत नाही. माणूस गेल्यावर वर्षभराने शांतपणे उघडलं तरी नोंद तिथेच असते. ती ओळ आता पत्राच्या सुरुवातीला आहे. आईने खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे की हे शब्द फोनवर कोणालाही सांगायचे नाहीत, मदत करतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. ताईची मुलगी शाळेत आहे, आणि आमच्या तिघांनंतर हे तिच्याकडेच जाणार. ताई म्हणते, तिला अठरा पूर्ण झाल्यावर सांगू. आई म्हणते, शब्द तेव्हा सांगा, पण शब्द आहेत आणि पत्र कुठे आहे हे पोरीला आत्ताच माहीत असू दे. मी आईच्या बाजूने आहे. पुढच्या सुट्टीत ती येईल तेव्हा तिलाही सरावाचे शब्द देऊन बसवायचं असा माझा आग्रह आहे, ताईने अजून होकार दिलेला नाही.